मागचा येईपर्यंत

१

"आमचे हे लोकायले रानात सोडून देते," अशी जमुना माझी ओळख करून देते. तीस वर्षं मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवला, निवृत्तीला शाल-नारळ घेतला, चार माणसं मला अजून भगवंतराव सर म्हणून नमस्कार करतात. पण बायकोच्या लेखी माझी कमाई एवढीच.

तसं तिचं फार चुकत नाही. ओरिएंटिअरिंग म्हणजे स्पर्धकाच्या हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं आणि त्याला शिवारात पिटाळायचं. शिवारात ठिकठिकाणी केशरी-पांढरे कापडी झेंडे टांगलेले असतात, त्यांना आम्ही ठाणी म्हणतो. प्रत्येक ठाण्यावर एक टोचणी बांधलेली असते. तिनं आपल्या कार्डाच्या चौकटीत भोकं पाडायची आणि पुढचं ठाणं शोधायला पळायचं. दर टोचणीची नक्षी वेगळी, म्हणजे घरबसल्या भोकं पाडून आणायची सोय नाही. सगळी ठाणी करून जो आधी परत येईल तो जिंकला.

आयोजकाच्या डोक्याला मात्र एकच काळजी. जितके गेले तितके परत आले पाहिजेत.

गेल्या वर्षी एक आला नाही. मनोज नावाचा अकोल्याच्या जठारपेठेतला विमा एजंट. मी "सर्व स्पर्धक सुखरूप परतले" असं माईकवरून जाहीर केलं, बक्षिसं वाटली, दोन वेळा श्रीखंड घेतलं आणि गाडी काढली. मनोज दिवस बुडेपर्यंत एका सागाखाली बसून होता. शेवटी एका गुराख्यानं त्याला गुरांबरोबर गावात आणला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, "नकाशा हाती, तरी रानात वस्ती." जमुनेनं ती कापून फ्रिजवर चिकटवली.

"यंदा एक जरी कमी पडला," ती म्हणाली, "तं थे होकायंत्र मी भंगारवाल्याले देतो. लसूण घेतो त्याच्यावर."

जिल्हा संघटनेनंही पत्र पाठवलं होतं, त्यात "अखेरची संधी" या शब्दांखाली रेघ होती. पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. या वयात माणसाला एकच गोष्ट बरी जमत असते, तीही काढून घेतली तर दिवसभर करायचं काय, याची मला खरोखर भीती वाटत होती.

म्हणून यंदा मी कार्डं दोन तुकड्यांची छापून घेतली. जाताना लहान तुकडा फाडून खिळ्याला लावायचा, आल्यावर तो काढून कार्डाला जोडायचा. शेवटी खिळा रिकामा झाला पाहिजे. शाळेच्या सहलीत चाळीस वांड पोरं मोजलेला माणूस आहे मी, एवढं मला जमायलाच हवं होतं.

२

जागा मिळाली चांदूर बाजारजवळ, खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत. वीस एकर बाग, कडेनं नाला, पलीकडे सागाची पट्टी आणि आत एक जुनी विहीर. आंब्या बहाराची, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी पिकाची, तोड नुकतीच आटोपली होती. केशरी झेंडे लावायला मी संत्र्याचीच बाग निवडली यावर जमुना आठ दिवस हसत होती, पण झाडं रिकामी होती, त्यामुळे झेंडे लांबून दिसत.

तीन आठवडे मी तिथं नकाशा काढला. डावा गुडघा दुखतो माझा, बसताना त्याला सरळ लांब करून ठेवावं लागतं. असा पाय पसरून बसलो असताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या झाडावर एक फळ शिल्लक होतं. एकच.

"तोडणारे फारच आळशी दिसतात तुमचे," मी खुशालरावांना म्हटलं.

खुशालराव सत्तरीचे, बोलणं कमी, तंबाखू जास्त. "थे ठेवेल हाये," ते म्हणाले. "पुरी तोड कराची नाई. एक मांगं ठेवाचं."

"कशासाठी?"

"एक साल बाबानं पुरी तोड केली होती."

"मग?"

"मंग काही नाई," ते थुंकून म्हणाले. "मंग बाबा नाई."

मी भूगोलाचा माणूस. मृत्यूची कारणं वैद्यकीय असतात हे मला माहीत आहे. मी मान हलवली आणि नकाशावर विहिरीपाशी गोल काढला. बारावं आणि शेवटचं ठाणं.

"बारा झेंडे लावान," खुशालराव नकाशात डोकावत म्हणाले, "अन् काढान किती?"

"बाराच्या बारा."

"एक राहू द्याना जी."

"खुशालराव, एक झेंडा साडेतीनशेला पडतो."

त्यांनी तंबाखूची पुडी काढली.

३

स्पर्धा जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी होती. माझी जुनी विद्यार्थिनी दीपमाला, आता ती एका कॉलेजात खेळ शिकवते, लॅपटॉप घेऊन टेबलापाशी बसली. जमुना आलूबोंड्यांच्या परातीपाशी. त्रेचाळीस स्पर्धक, त्यात मनोजही.

"सर, गेल्या वर्षीचं मनात नाही हं माझ्या," तो म्हणाला आणि लगेच मला एका पॉलिसीची माहिती दिली.

नियम असा की कोणी निघण्याआधी आयोजकानं स्वतः सगळी ठाणी फिरून बघायची. मी चव्वेचाळीस नंबरचं कार्ड घेतलं, शिस्तीनं त्याचा तुकडा फाडून खिळ्याला लावला आणि निघालो. अकरा ठाणी केली. बाराव्याकडे वळलो तर गुडघा बोलायला लागला, शिवाय वाऱ्यावर आलूबोंड्यांचा वास आला. झाडांच्या ओळीतून विहिरीपाशी झेंडा दिसला. दिसला म्हणजे आहे, असं मनाशी म्हणून मी तिथूनच परत फिरलो.

कार्ड पँटच्या खिशात राहिलं. खिळ्यावरचा तुकडा खिळ्यावरच राहिला. दीपमालाच्या यादीत मी नव्हतोच, ती फक्त स्पर्धकांची होती.

४

सर्वांत आधी पौर्णिमा आली, अमरावतीची कॉलेजातली मुलगी, हरणासारखी पळते. तिनं कार्ड दिलं. कार्डावर पंधरा चौकटी छापल्या होत्या, कारण छापखान्याकडे तोच साचा होता. बारा भरलेल्या असणार, बाकी कोऱ्या.

तेरा भरलेल्या होत्या.

"हे तेरावं कुठलं?" मी विचारलं.

"बाराव्यापाशीच, सर. तुमचे काका बसलेत ना तिथं विहिरीच्या काठावर. त्यांनी मागून घेतलं कार्ड."

"मागून म्हणजे?"

"म्हणजे पाठमोरे बसलेत ते. तसाच हात मागं केला, मी कार्ड दिलं, त्यांनी टोचून दिलं." ती आलूबोंडा फुंकत होती. "विचारलं मला, मागं किती? मी म्हटलं, बेचाळीस. एवढंच."

मी भोकं पाहिली. पाच, वेडीवाकडी, टोचणीच्या पिनेपेक्षा जाड. आमचा तर कुठल्याच ठाण्यावर माणूस नव्हता. माणसं परवडतात कुठं.

खुशालरावांनी कार्ड उजेडात धरलं. "हा जंभेरीचा काटा हाये," ते म्हणाले. "ज्याच्यावर संत्र्याचं कलम बांधते त्या लिंबाचा. संत्र्याले असा काटा नसते. बागेत जंभेरी एकच हाये आता, विहिरीपाशी."

"तुमचा राखणदार असेल तिथं."

"सहदेव? थो शुक्रवारपासून तिवशाले लग्नात हाये. थो कायले कार्डं टोचते?"

मी स्वतःला समजावलं की गावातलाच कोणी हौशी म्हातारा असेल. आपल्याकडे दोन माणसं रस्ता खणत असली तर बघायला वीस जमतात. एखाद्याला वाटलं असेल आपणही हात लावावा, त्यानं काटा तोडला आणि बसला. यात न पटण्यासारखं काय आहे? मी दीपमालाला तेरावी चौकट सोडून द्यायला सांगितली.

पण नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावर तीच पाच भोकं होती. प्रत्येकाला विचारलं होतं, मागं किती? आणि आमच्या स्पर्धकांना, जे एरवी नकाशाची दिशाही उलटी धरतात, प्रत्येकाला उत्तर अचूक आलं होतं. एकतीस, एकोणतीस, बारा. कोणाच्या पुढे किती गेले आणि मागे किती राहिले हे पळणाऱ्या माणसाला कळायची काही सोय नाही. मी दीपमालाच्या यादीशी ताडून पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता. स्पर्धकांतल्या एका हवालदारांना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते विचारात पडले. "तोंडातून निघालं जी," म्हणाले.

"टोपी होती का त्यांच्या डोक्यावर?" मी उगाच विचारलं.

"नव्हती. ऊन लागत असेल बिचाऱ्यांना."

५

साडेबाराला लॅपटॉपवर त्रेचाळीसपैकी बेचाळीस हिरवे झाले होते. लाल राहिलेलं नाव मनोजचं होतं.

जमुनेनं माझ्या गळ्यातल्या होकायंत्राकडे पाहिलं आणि बाजूच्या बाईला विचारलं, "लसूण काय भाव हाये वं?"

"राहू द्याना एक," खुशालराव हळूच म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी सत्तर वर्षांच्या माणसावर ओरडलो असेन. "माणूस आहे तो, खुशालराव! संत्रं नाही!"

मी खाकी टोपी डोक्यावर चेपली आणि बागेत शिरलो.

दुपारची बाग शांत असते, पण अगदी नसते. शेजारच्या शेतात मोटारपंपाची घरघर होती, ठिबकच्या नळ्या टिपटिप करत होत्या. मी ओळी मोजत चाललो. चौदाव्या ओळीपाशी पंप थांबला. लोडशेडिंग, मी म्हटलं. सोळाव्या ओळीपाशी ठिबकही थांबलं. तेही लोडशेडिंगच, मी जरा मोठ्यानं म्हटलं.

मनोज विहिरीच्या काठावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. कार्ड टोचून झालेलं होतं. मला पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की मला गेल्या वर्षीची लाज पुन्हा नव्यानं वाटली.

"अरे, पाय मोडला का तुझा? येत का नाहीस?"

"काका म्हणाले ना, मागचा येईपर्यंत बस." तो उठून पँट झटकत होता. "त्यांनी विचारलं मागं किती, मी म्हटलं मागं कोणीच नाही, मीच शेवटचा. तर म्हणाले, मंग बस. मी उठायला बघत होतो सर, खरंच, पण उठवेना. बरं दिसत नाही ना, मोठ्या माणसानं बस म्हटल्यावर. आता तुम्ही आलात. येतो मी!"

"अरे थांब, दोघं बरोबर—"

पण तो पळाला. दोन वर्षांत त्याला असा पळताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि दिशाही बरोबर होती.

विहिरीपाशी मी एकटा. जंभेरीचं झाड होतं, झेंडा होता, आणि काठावरचा दगड, ज्यावर मनोज बसला होता, त्याच्या शेजारची जागा. तिथं सावली होती. मी हात लावून पाहिला, दगड गरम होता. दगड तापतात, भूगोलात आहे ते. सावलीतले तापत नाहीत, तेही भूगोलातच आहे.

झेंडा काढायचा आणि निघायचं, असं ठरवून मी दोरीच्या गाठीला हात घातला. तेव्हा पाठीमागून कोणी विचारलं, "मागं किती?"

आवाज मोठा नव्हता. वर्गात हजेरी घेताना माझा असायचा तसा होता, जरा कंटाळलेला. मी वळलो नाही. मला वळता येत होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मला फार भीती वाटली होती, ती मी इथं लपवत नाही. आणि भीतीतही उत्तर जिभेवर तयार होतं, हवालदारांच्या आलं होतं तसं. मागं कोणी नाही. शेवटचा मीच. आयोजकच शेवटी येतो. हे उत्तर खरं होतं, आणि मला न्यायला माझ्या मागून कोण येणार होतं? जमुना. तीच आली असती, पदर खोचून, शिव्या देत. आणि तिला पाहून मी मनोजसारखाच आनंदानं उठून पळालो असतो.

हे लक्षात आलं आणि माझं डोकं चालू लागलं. खिशात हात गेला. चव्वेचाळीस नंबरचं कार्ड. अकरा चौकटी भरलेल्या, बारावी कोरी.

"एक आहे," मी म्हटलं. "चव्वेचाळीस नंबर. भगवंतराव. अजून पोचला नाही. येतोय मागून, गुडघा दुखतो त्याचा, वेळ लागेल."

मी ते कार्ड झेंड्याच्या दोरीत अडकवलं. झेंडा काढला नाही. साडेतीनशे रुपये गेले तर गेले.

आणि चालायला लागलो. वळून बघायचं नाही, असं स्वतःला बजावत वीस पावलं गेलो आणि बघितलं. विहिरीपलीकडच्या झाडाखाली कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. डावा पाय सरळ, लांब करून ठेवलेला. डोक्यावर खाकी टोपी होती. मी माझ्या डोक्याला हात लावला, तर हाताला केस लागले.

६

"सर! त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस!" दीपमाला खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. मनोज तिसरा आलूबोंडा खात होता. संघटनेचे निरीक्षक खुशीत माईककडे निघाले होते. जमुना माझ्याकडे पाहून हसली, चाळीस वर्षांपूर्वी हसायची तशी.

"एक मिनिट," दीपमाला म्हणाली. "खिळ्यावर एक तुकडा राहिलाय. चव्वेचाळीस. हे कोणाचं?"

"माझं."

"मग काही नाही! तुम्ही तर आलात. परतीची सही करा इथं."

तिनं पेन दिलं. सोपं होतं. सही केली की खिळा रिकामा, संघटना खूश, होकायंत्र माझ्या गळ्यात. मी पेन टेकवलं. मग बागेकडे पाहिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या झाडावर एक एक फळ होतं, आणि खुशालराव तंबाखू चोळायचे थांबून माझ्या हाताकडे बघत होते.

मी पेन खाली ठेवलं.

"हा अजून बाहेर आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"भगवंतराव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बाप्पा," जमुना म्हणाली, "तुमी तं इथं हाये!"

"नियमानं बाहेर आहे. बारावं ठाणं केलेलं नाही, कार्ड जमा नाही. लिहा, एक स्पर्धक परतलेला नाही."

निरीक्षकांनी लिहिलं. त्यांना वाटलं मला ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "आयोजकच हरवला, आणि तोही समोर उभा!" संघटनेनं मला मानानं निवृत्त केलं. जमुनेनं होकायंत्र भंगारवाल्याला दिलं नाही, पण लसणाच्या टोपलीत ठेवलं, रोज दिसेल असं. खुशालरावांनी मात्र पोतंभर संत्री घरी पाठवली आणि दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. त्या नमस्काराचं मला काय करावं ते कळलं नाही.

७

मार्चमध्ये खुशालरावांचा फोन आला. आधी उन्हाचं, मग पाण्याचं बोलले.

"मास्तर, तुमचा माणूस अजून फिरून राह्यला," मग म्हणाले.

"कोण माणूस?"

"थोच. टोपीवाला. नकाशा घेऊन ओळीओळीनं फिरते सकाळचा. विहीर समोर असते, तरी सापडत नाई त्याले. म्या हाक नाई मारली. पण वाईट वाटते जी पाहून. पाय ओढत चालते."

"कोणता पाय?"

"डावा."

मी फोन ठेवला आणि डावा गुडघा दाबून पाहिला. मग पलंगावरून उठलो, उकिडवा बसलो, उठलो, पुन्हा बसलो. काही दुखलं नाही. जानेवारीपासून दुखला नव्हता, आणि मी मूर्ख, गुडघ्याला चोळायचं तेल कामी आलं म्हणून सगळ्यांना सांगत होतो. मला एकदम रडू आलं.

जमुना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"दुखत नाई ना?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. विहीर, हजेरीचा आवाज, टोपी. ती हसली नाही. सांगून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले.

"म्हणूनच," ती म्हणाली. "दोन महिने झाले, तुमी घरात असता अन् मले वाटते अजून याचे हाये. मी दार लावत नाई संध्याकाळचं. तुमाले दिसलं नसंन."

"त्याला आणायला कोणी गेलं तर ते तिथं बसेल, जमुना. मागचा येईपर्यंत."

"एकटं गेलं तं बसंन. आपून दोघं जाऊ. मी तुमच्या मागं, तुमी माह्या मागं. कोनाले शेवटचं म्हणते मंग थो?"

मी तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, पण या तर्कात मला खोट सापडली नाही. ती आहे की नाही, हेही मला सांगता येत नाही.

आज सकाळी तिनं लसणाच्या टोपलीतून होकायंत्र काढून, पुसून माझ्या गळ्यात घातलं. आठची गाडी आहे. मी चपला शोधत असताना तिनं डबा बांधून पिशवीत ठेवला, आणि ती पाणी भरायला आत गेली तेव्हा मी झाकण उघडून पाहिलं. ठेचा, झुणका, भाकरी. आम्ही दोघं मिळून चार भाकरी खातो. डब्यात सहा होत्या.